डाव्या खांद्याची बंदूक

"बाळाजीभाऊ, ही घ्या! दुर्बीण लावल्याली, नळी लांबलचक. रेंज बघा केवढी हाय!"

संदेशने फोन पुढे केला. संदेश साताऱ्याचा वेल्डर, आखातातल्या सित्राच्या कामगार कॅम्पातला बाळाजीचा खोलीसोबती. बंदूक त्याने फक्त मोबाइलच्या खेळात चालवली होती.

"दुर्बिणीतून काय बघू? करवंदीची पानां?" बाळाजी म्हणाला. "आमच्या रानात डुकर धा हातांवर दिसता. लांब नळी वेलीत अडाकली की खलास."

"मग छर्ऱ्यांची?"

"छर्रे जाळीत फुकट जातत. एकगोळीची व्हयी. जखमी डुकर रान उठवणाऱ्या हाकाऱ्याक फाडता."

पुढच्या महिन्यात बाळाजी कायमचा गावी निघाला होता. शेतराखणीचं लायसन त्याच्याच नावावर, पण वडिलांची बंदूक गंजून गेलेली. नवी घ्यायची होती. त्यात गेल्या साली वर्कशॉपच्या प्रेसने त्याची उजव्या हाताची तर्जनी नेली. नेमकं चाप ओढायचं बोट! दुसरं कुठलंही गेलं असतं तर बाळाजीने इतका राग धरला नसता.

तेवढ्यात गावाहून चुलतभाऊ गणपतचा व्हिडिओ कॉल आला.

"दादानू, तुमका आता बंदूक कशाक व्हयी? लायसन माझ्या नावार करा. तुम्ही घराकडे आराम करा, तुमचो वाटो पोचतलो."

गणपत मनाने वाईट नव्हता. म्हणूनच ते जास्त झोंबलं. शिकार झाली की गोळी घालणाऱ्याला एक जादा वाटा मिळतो, बंदुकीचा वाटा. बाळाजी रजेवर असला की तो वाटा बहुतेक बाळाजीच्याच घरी यायचा.

"गणपत, मी बंदुकीचो वाटो खाल्लंय. कीव करून दिलेलो माझ्या गळ्याखाली उतराचो नाय."

फोन बंद करून त्याने कोपऱ्यातला झाडूचा दांडा उचलला आणि डाव्या खांद्याला लावला. हे त्याचं रोजचंच होतं. आधी डावा डोळा ऐकायचा नाही, खोलीतले हसायचे. आता दांडा झटक्यात वर येत होता आणि हसणारं कुणी उरलं नव्हतं.

मग त्याने कोल्हापूरच्या दुकानदाराला फोन लावला.

"आखूड नळीची दुनळी द्या. मधोमध उघडणारी. रिकामी काडतुसं उजवीकडे फेकणारी नको, ती माझ्या तोंडासमोरून जातील. एकगोळीला चालेल याची खात्री करा, आणि दस्ता डाव्या खांद्याला बसवून ठेवा."

"वापरणार कोण?"

"मीच. दुसरा कोण?"

गावी काट्यांसाठी म्हणून त्याने कंपनीचे नवे हातमोजे बाजूला ठेवले होते. उजव्या मोज्याचं रिकामं बोट तो दर वेळी मुडपून शिवून टाकायचा. आज मात्र त्याने कात्री डाव्या मोज्याला लावली आणि त्याची तर्जनी कापून टाकली.

"आवं भाऊ, चुकलात! त्यो डावा हाय, त्याचं बोट शाबूत हाय!" संदेश ओरडला.

"म्हणानच," बाळाजी म्हणाला. त्याने मोजा हातात चढवला आणि उघडं बोट दोनदा वाकवून पाहिलं.