अडलेल्यांचा बाक

"सगळ्यांना समजलं?" बाईंनी विचारलं, आणि अख्खा वर्ग एका सुरात "हो बाई" म्हणाला. भागाकारासारखं प्रकरण, आणि चौथीच्या झाडून सगळ्या पोरांना एका दमात समजलं?

खिडकीजवळचा बाक रिकामा होता. तो अडलेल्यांचा बाक. ज्याचं गणित अडेल त्याने कुणाला न विचारता उठायचं आणि वही घेऊन तिथे बसायचं. ज्याला ते आलं असेल त्याने शेजारी जाऊन बसायचं. बाईंनी मध्ये तोंड घालायचं नाही. ही घडी बसवताना त्यांच्या नाकी नऊ आले होते. आधी लाजेपायी कुणी उठेना, मग गप्पा मारायला सगळेच उठू लागले. पण हळूहळू आपलं घोडं नेमकं कुठे अडतंय हे पोरांना आपलं आपल्याला कळायला लागलं. मागच्या महिन्यात तर घुमीसुद्धा उठली. वर्गात कधी तोंडातून शब्द न काढणारी ती मुलगी वही छातीशी धरून बाकावर जाऊन बसली, तेव्हा फळा पुसायच्या निमित्ताने बाईंनी डोळे पुसले होते.

मग बाईंची आई न्हाणीघरात पडली आणि त्यांना रजा घ्यावी लागली. वर्गावर बदलीचे सर आले. माणूस वाईट नव्हता. पण पोरं न विचारता उठतात, खिडकीशी कुजबुजतात, हे पाहून कुठल्याही मास्तराने केलं असतं तेच त्यांनी केलं. बाकावर दिसेल त्याला तोंडावर बोट ठेवून तिथेच बसवून ठेवलं. पहिली सापडली घुमी.

हे सगळं आज सकाळी बाईंना कळलं, तेही मुख्याध्यापकांच्या तोंडून, कौतुकाने. "बघा, वर्ग कसा शांत झालाय," ते म्हणाले. बाईंनी बाकाचं सांगून पाहिलं. साहेब मान डोलवत राहिले आणि शेवटी म्हणाले, शिस्त बिघडवू नका. पालथ्या घड्यावर पाणी.

आता घुमीचं खोडरबर एकाच जागी फिरत होतं. कागद फाटायला आला होता.

"अडलंय का गं?"

"नाही बाई."

आता शिक्षा नाही, खुशाल उठा, असं बाईंनी पुन्हा पुन्हा सांगितलं. पोरांनी शहाण्यासारख्या माना हलवल्या आणि जागचं कुणी हललं नाही. शेवटी त्या स्वतःच जाऊन त्या बाकावर बसल्या. कुणीतरी शेजारी येईल, एवढीच आशा होती.

बऱ्याच वेळाने घुमीने मान वर केली. बाईंकडे पाहताना तिच्या चेहऱ्यावर कळवळा दाटला.

"बाई, तुम्हाला कुणी बसवलं?"

घुमीने दाराकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला.

"तोंडावर बोट ठेवा बाई. मग लवकर सोडतात."