तळघरातलं शेवटचं पिंप

तीन महिन्यांनी तळघराचं दार उघडलं आणि आस्लौगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत ऊब होती! डिसेंबरात, बाहेर उणे चौदा असताना, तळघरात चक्क ऊब!

गेली चाळीस वर्षं या तळघराचा गारठा तिनं पोटच्या पोरासारखा जपला होता. राकफिस्क मुरवणं म्हणजे काही गंमत नाही. डोंगरावरच्या तळ्यातले ट्राउट मासे सप्टेंबरात धरायचे, साफ करून मिठात दाबायचे, झाकणावर धोंडा ठेवायचा आणि तीन महिने थंडीला आपलं काम करू द्यायचं. थंडी जरा हटली की संपलंच.

हे पिंप तर तिच्या नवऱ्याच्या, गुटॉर्मच्या हातचं शेवटचं. मासे मुरत घालून त्यानं झाकणावर पेन्सिलीनं उघडायची तारीख लिहिली आणि ऑक्टोबरात गेला बिचारा. तारीख आजची होती. दुपारी सगळी आळी जेवायला येणार होती. लेफ्सेच्या पातळ पोळ्या भाजून झाल्या होत्या, बटाटे चुलीवर होते. त्याच्या हातची चव शेवटची एकदा जिभेवर येईल, एवढ्याच आशेवर ती दोन महिने तगली होती.

तिनं धोंडा उतरवला. राकफिस्कला वास असतोच, परके लोक नाक धरून पळतात. पण हा वास तो नव्हता. मिठाचं पाणी फसफसत होतं आणि बोट लावताच मासा लिबलिबीत होऊन तुटला.

तिनं ऑडूनला, आपल्या लेकाला, अशी हाक मारली की तो अर्धी दाढी तशीच ठेवून धावत आला. चौकशी केल्यावर कळलं, नोव्हेंबरात ती बहिणीकडे गेली असताना या शहाण्यानं तळघराच्या फरशीखाली विजेवर तापणाऱ्या तारा घातल्या होत्या. आईला नाताळची भेट म्हणे! वर म्हणतो कसा, थोडा चाखून तर बघू.

"चाख, आणि आळीला दवाखान्यात पोचव," ती कडाडली. "डोंगरात जन्मलास ना रे? अक्कल कुठे गहाण ठेवलीस? बापाची शेवटची आठवण नासवलीस तू!"

एरवी तोंडाला तोंड देणारा ऑडून खाली मान घालून उभा राहिला. तिनं आणखी चार शब्द सुनावले तेव्हा कुठे त्याचं तोंड उघडलं.

"बाबांनीच सांगितलं होतं, आई. दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात. म्हणाले, खाली उतरलं की तिचे गुडघे धरतात, तेवढी फरशी गरम करून घे. तिला सांगू नकोस, नको म्हणेल."

आस्लौगनं त्याला फावडं आणायला पाठवलं, मासे कोल्ह्याला उकरता येणार नाही इतकं खोल पुरायला बजावलं.

तो गेल्यावर तिनं झाकणावरच्या त्या वेड्यावाकड्या आकड्यांकडे पाहिलं. राग अजून ओसरला नव्हता, फक्त त्याचा धनी बदलला होता.

"गाढवा," ती म्हणाली, "चाळीस वर्षं मासे मुरवलेस आणि ते कुठे ठेवतो तेच विसरलास?"

मग तिनं बूट काढले, मोजे काढले, आणि शिव्या देत त्या गरम फरशीवर कितीतरी वेळ उभी राहिली.