सिस्टरांची तीन उत्तरं

सिस्टरांना फक्त पत्ता बदलायचा होता. लेकीच्या घराजवळ राहायला येऊन दोन महिने झाले, तरी पेन्शनची पत्रं जुन्याच घरी जात होती आणि तिथला नवा भाडेकरू ती इमानेइतबारे परत पाठवत होता. म्हणून त्या सकाळीच मिस्टरांना घेऊन पेन्शन कार्यालयात आल्या आणि चार नंबरच्या खिडकीशी उभ्या राहिल्या. चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेली बाई. कागदपत्रं कात्री-चिमट्यांसारखी ओळीत मांडून ठेवली होती.

खिडकीतल्या मुलीने ओळखपत्र पाहिलं, मग सिस्टरांकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"अय्या, सिस्टर! माझ्या अपेंडिक्सच्या वेळी तुम्हीच होतात ना? भूल उतरल्यावर मी तुमच्या हाताला चावले होते."

"तू होय ती!" सिस्टर हसल्या. "जखम नीट भरली ना?"

"मस्त. आता फक्त तुमची ओळख पटवायची."

"आत्ता पटली की."

"मला पटली. कॉम्प्युटरला नाही पटली." मुलीने पडद्याकडे बोट केलं. "तुम्ही निवृत्त होताना तीन प्रश्नांची उत्तरं भरली होतीत. तीच द्यायची. एकूण तीन चुका झाल्या की खातं नव्वद दिवस बंद. मग ते उघडायला स्वतः हजर राहावं लागतं."

"मग आत्ता मी कुठे आहे?"

"आत्ता तुम्ही समोर आहात, सिस्टर. हजर नाही आहात."

सिस्टरांना काळजी वेगळीच होती. निवृत्तीच्या आठवड्यात त्या डबल ड्युटी करत होत्या आणि तो अर्ज घरी बसून मिस्टरांनी भरला होता. मिस्टर घड्याळं दुरुस्त करायचे. बारीकसारीक काम म्हटलं की त्यांना उत्साह.

"अहो, काय लिहिलंत?" त्यांनी हळूच विचारलं.

"सात वर्षं झाली गं. पण तुझ्याबद्दलच लिहिलं होतं, तुला माहीत असणारच."

"हे कोण?" मुलीने विचारलं.

"माझे मिस्टर."

"त्यांनी काहीच बोलायचं नाही. ओळख ज्याची त्याने पटवायची. काका, तुम्ही तिकडे बाकावर बसा."

मिस्टर बाकावर जाऊन बसले, कान मात्र खिडकीशीच ठेवून.

"पहिला प्रश्न. आवडता रंग?"

"निळा," सिस्टर ठामपणे म्हणाल्या.

"चूक."

"अगं, माझा आवडता रंग मला माहीत नाही?"

"असेल माहीत. पण कॉम्प्युटरमधला तो नाही."

सिस्टरांनी वळून बाकाकडे पाहिलं. मिस्टर गोंधळून त्यांच्या निळ्या पर्सकडे बघत होते, जणू आजच पाहत होते. या माणसाने आपल्याला रोज कोणत्या रंगात घराबाहेर पडताना पाहिलं? धुऊन, खळ घालून, इस्त्री करून, चौतीस वर्षं.

"पांढरा," सिस्टर दात आवळून म्हणाल्या. त्या रंगाची त्यांना शिसारी यायची.

"बरोब्बर! दुसरा. लहानपणी तुम्हाला काय व्हायचं होतं?"

"इंजिन ड्रायव्हर."

तोंडून निघून गेलं. हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

"चूक," मुलगी म्हणाली.

"काय? इंजिन?" बाकावरून आवाज आला.

"काका!"

"नर्स," सिस्टर सुस्कारा टाकून म्हणाल्या. ते बरोबर निघालं. पण आता एकच चूक उरली होती आणि मागे रांगेतले लोक चुळबुळ सोडून टक लावून ऐकत होते.

"शेवटचा. आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस? तारीख सांगायची."

सिस्टरांच्या मनात आली ती लेक झाली ती तारीख. ती त्यांनी गिळली. मिस्टरांनी काय लिहिलं असेल? लग्नाचा दिवस, दुसरं काय! सोळा मे. त्या सांगणार, एवढ्यात त्यांची जीभ अडखळली. लग्नाचा वाढदिवस मिस्टरांनी कधीच सोळाला साजरा केला नव्हता. एकेचाळीस वर्षं हा माणूस सतरा तारखेला सकाळी छाती फुगवून फुलं आणत होता. पहिल्या वर्षी त्यांनी चूक दाखवली, दुसऱ्या वर्षी भांडल्या, तिसऱ्या वर्षापासून फुलं पाण्यात ठेवू लागल्या. जगाची घड्याळं लावून देणारा माणूस!

"सतरा मे," त्या म्हणाल्या.

पडदा हिरवा झाला. रांगेतल्या कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली.

"पटली!" मुलीने पत्ता बदलून पावती छापली. "आता हजर आहात, तर उत्तरं बदलायची का? हवी ती द्या."

सिस्टरांनी पांढऱ्याचा निळा केला. नर्सचा इंजिन ड्रायव्हर केला. तारखेवर त्या थोड्या थांबल्या.

"सतरा राहू दे," त्या म्हणाल्या. "बदलली तर यांना कधी आठवायची नाही."

बाहेर येऊन दोघं बसथांब्यापर्यंत चालत गेली. मिस्टर दुखावल्यासारखे दिसत होते.

"एवढ्या वर्षांत मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलंत कधी?"

बस आली, दार उघडलं, पण मिस्टर पायरीवर पाय ठेवायचं विसरून उभेच राहिले.

"कोळशाचं इंजिन की डिझेलचं?"

"कोळशाचं," सिस्टर म्हणाल्या. "आणि मालगाडी. पॅसेंजरची कटकट नको."

बस गेली. दोघं थांब्याच्या बाकावर बसली. मालगाडीला डबे किती, हे मिस्टरांना नीट समजून घ्यायचं होतं.