ताबा न सोडणारा प्रोग्राम

तातेराव सरांच्या पोटात दुखत होतं ते बेबीनंदाच्या हुशारीमुळं. दुसरं काही कारण नव्हतं. जालन्याच्या त्या कॉलेजात कॉम्प्युटरची कायम जागा एकच, आणि तिच्यावर सरांचा भाचा मिथुन डोळा ठेवून बसलेला. बेबीनंदा केदारखेड्याची, सरांचीच जुनी विद्यार्थिनी, तासिकेवर शिकवायची. ही जागा हुकली की तिचं कॉलेजच सुटणार होतं.

आणि या पोरीनं करावं काय? अडगळीतला जुनापुराणा घरगुती कॉम्प्युटर टीव्हीला जोडला. त्याचा आठ बिटांचा प्रोसेसर म्हणजे एका वेळी एकच काम करणारा गडी. त्याच्यासाठी हिनं स्वतः ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली आणि घड्याळ, गाणं, चित्र, तिन्ही एकदम चालवून दाखवली! हापशावर प्रत्येकीनं एक घागर भरून बाजूला व्हावं, तसं प्रत्येक प्रोग्रामनं थोडं काम करून प्रोसेसरचा ताबा सोडायचा. एकानं जरी सोडला नाही, तरी बाकीचे ठप्प.

"सर, निवड समितीसमोर तुमचाबी एक प्रोग्राम चालवते. द्याल ना?"

"देतो की. त्यात काय एवढं?"

दिला. मूळ संख्या शोधणारा. हजारापर्यंत शहाण्यासारखा ताबा सोडणारा, पुढं मात्र मुद्दाम अजिबात न सोडणारा. बाकीच्यांचे प्रोग्राम बेबीनंदानं ओळ न् ओळ तपासले. पण सरांचा कसा तपासायचा? त्यांनीच तर शिकवलं होतं. बिचारीनं तसाच घातला.

समितीसमोर सुरुवात झकास झाली. मग गाणं एकाच सुरावर अडकलं, घड्याळ थांबलं, चित्र गोठलं. बेबीनंदा एकेक कळ दाबून पाहू लागली. पडद्यावर संख्या तेवढ्या पळत होत्या.

"मॅडम, तुमचं सगळं बंद पडलं," समितीतले एक साहेब हसले. "सरांचा प्रोग्राम मात्र चालू आहे हं!"

सरांनी नम्रपणे मान लववली. लाज कशाशी खातात हे माहीत असेल तर ना!

जागा मिथुनला मिळाली. बेबीनंदा निरोप घ्यायला सरांकडं आली. रडून रडून डोळे सुजले होते.

"सगळी सिस्टीम पुन्हा पुन्हा पाहून राह्यले सर, पण चूक सापडून न्हाई राह्यली."

"अभ्यास कमी पडला तुझा."

"तुमचं नाव घालवलं मी." ती वाकून त्यांच्या पाया पडली.

तातेरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पुरावा अजून त्या मशीनमध्येच होता, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"सुखी राहा," ते म्हणाले. "आणि जाताना तो डबा भंगारात देऊन जा."

"बरं, सर," बेबीनंदा म्हणाली.