मतपत्रिकेची मागची बाजू

आमच्या काउंटीत मेलेल्या माणसालाही पक्ष लागायचा. म्हणजे मेलेल्याला नाही, त्याला बघायला येणाऱ्याला. कुणी शेतात कोसळलं, कुणी झोपेत गेलं, कुणाची गाडी बर्फावरून घसरून चरात पडली, की कॉरोनरला बोलवायचं. मरण कशानं आलं ते त्यानं ठरवायचं आणि सही करायची. हा कॉरोनर लोकांनी निवडून द्यायचा, आणि तोही नावापुढं कंसात पक्षाचं अक्षर लावून. माणसाचं हृदय बंद पडलं की नाही हे सांगायला 'आर' लागतो की 'डी', हे मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही.

माझा थोरला भाऊ ओरिन फार वर्षं कॉरोनर होता. त्याची एक रीत होती. दारात टोपी काढायची, बूट काढायचे, आणि आधी स्वयंपाकघरात जायचं. तिथं जे कुणी बसलेलं असेल त्याच्यासाठी कॉफी टाकायची. कॉफी होईपर्यंत तो एक प्रश्न विचारायचा नाही. कॉफी हातात दिली की मग आतल्या खोलीत जायचा. एकदा शेरीफच्या एका नव्या पोरसवदा शिपायानं घाई केली, तर ओरिन त्याला म्हणाला, "आतला कुठं पळून चाललाय? बाहेर बसलीय तिच्याकडं बघ." काउंटीतल्या निम्म्या घरांत कप कुठल्या फडताळात असतात हे त्याला न विचारता ठाऊक होतं.

ओरिनच्या नावापुढचं अक्षर 'डी'. ते आमच्या वडिलांचं. ज्या सरकारच्या काळात आमच्या शेतापर्यंत विजेचे खांब आले, त्या पक्षाचं अक्षर वडिलांनी घेतलं आणि मरेपर्यंत सोडलं नाही. तेव्हा निम्मी काउंटी तशीच होती. पुढं सगळी हळूहळू दुसरीकडं गेली आणि आम्ही दोघं तिथंच राहिलो. अक्षर बदलून टाक, असं सांगणारे ओरिनला पुष्कळ भेटले. तो म्हणायचा, बापाची टोपी जुनी झाली म्हणून कुणी ती कचऱ्यात टाकतं का? आणि तसंही त्याच्याविरुद्ध कुणी उभंच राहत नव्हतं. मढ्याजवळ जायची हौस कुणाला असते?

मग ट्रेंट हॅव्हर्ली आला. सासुरवाडीच्या गावात येऊन घरं विकायचा धंदा काढलेला माणूस. वाईट नव्हे, पण हसताना सगळे दात दाखवणारा. त्यानं 'आर' लावून अर्ज भरला. प्रचार म्हणून एक पाटीसुद्धा रोवली नाही, आणि निवडून आला.

त्याचं कारण साधं होतं. आमच्याकडं मतपत्रिकेच्या अगदी वर प्रत्येक पक्षाचा एक गोल असतो. तो एक गोल काळा केला की त्या पक्षाच्या सगळ्यांना मत जातं, गव्हर्नरपासून कॉरोनरपर्यंत. आमची माणसं तेवढंच करतात. बाप करत होता, आजा करत होता. गोल भरायचा, छातीवर 'मी मतदान केलं'चं स्टिकर लावायचं आणि कामाला जायचं.

त्या आठवड्यात चर्चच्या तळघरात जेवण होतं. कुस्करलेल्या बटाट्यावर कोंबडी आणि नूडल्स, नेहमीचंच. एकेक जण ताट घेऊन ओरिनपाशी यायचा आणि म्हणायचा, अरे, तू पडलास कसा? आम्हाला तर तूच हवा होतास. ओरिन मान हलवत होता. त्याचं जेवण निवून गेलं. मला एकेकाची कॉलर धरून विचारावंसं वाटत होतं, की बाबा, मग मत कुणाला दिलंस? पण चर्च होतं, आणि त्यांच्या डोळ्यांत कपट नव्हतं हेही खरं. त्यांना मनापासून वाटत होतं की हे दुसऱ्याच कुणीतरी केलंय.

त्याच हिवाळ्यात आमच्या रस्त्यावरच्या एका शेतकऱ्याचा धान्याच्या कोठीत जीव गेला. मक्यात पाय ओढला गेला आणि वर येताच आलं नाही. बायकोनं सवयीनं ओरिनला फोन केला. ओरिन गेला, बूट काढले, कॉफी टाकली. पण प्रेताला हात लावायचा अधिकार त्याला नव्हता. हॅव्हर्ली फ्लोरिडात उन्हात बसलेला, आणि त्याचा मदतनीस काउंटीच्या दुसऱ्या टोकाला. तोवर तो माणूस तसाच कोठीशेजारी ताडपत्रीखाली पडून. त्याची बायको ओरिनला म्हणाली, "तू तरी काहीतरी कर रे," आणि ओरिन कप विसळत उभा राहिला.

मी त्याला घरी आणायला गेले होते. गाडीत बसल्यावर त्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "लोरीन, मला खुर्ची परत नाही मिळाली तरी चालेल. मला एवढंच कळायला हवं, की या लोकांना मी नको होतो, की त्यांनी मला बघितलंच नाही?"

माझा भाऊ तक्रार करणारा नाही. म्हणून ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. कंसातलं ते अक्षर काढून टाकायचं, असं मी त्या रस्त्यावरच ठरवलं. कायदा बदलायचा म्हणजे काय असतं हे मला तेव्हा माहीत असतं, तर मी गाडी वळवून घरी जाऊन झोपले असते.

आमच्या भागाचा आमदार गेलन राऊश. अक्षर 'आर', माणूस मायाळू, आणि आळशी. त्याच्या आईच्या वेळी ओरिननंच कॉफी टाकली होती, म्हणून तो नाही म्हणू शकला नाही. त्यानं विधेयक आणलं: कॉरोनर, जमीन मोजणारा, दस्त नोंदवणारा, असल्या बिनराजकारणी जागांवर उमेदवारांची नुसती नावं छापावीत, अक्षर नको, म्हणजे वरच्या गोलानं त्यांना आपोआप मत जाणार नाही.

मग सुरू झाली राजधानीची वारंवारची फरफट. दर जानेवारीत समितीपुढं साक्ष. आम्ही दोघं, मी आणि माझा नवरा डेलबर्ट, अंधारात निघायचो, दिवसभर बाकावर बसायचो, आणि दुपार कलल्यावर कुणीतरी माझं नाव पुकारायचं. बोलायला मोजून तीन मिनिटं. डेलबर्ट गाडी उत्तम चालवतो आणि बाकावर बसल्या बसल्या उत्तम झोपतो. मी बोलून परत आले की डोळे उघडून विचारायचा, "झालं? छान बोललीस."

गंमत म्हणजे विरोध दोन्ही अक्षरांचा होता. एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं या एका बाबतीत खांद्याला खांदा लावून बसलेली. एका आमदारानं मला विचारलं, की पक्ष कळला नाही तर उमेदवाराचे विचार काय आहेत ते मतदाराला कसं कळायचं? मी म्हटलं, "साहेब, माझ्या भावाचा एकच विचार आहे. मेलेला माणूस मेलेला असतो." सगळे पोट धरून हसले, मला धन्यवाद दिले आणि विधेयक बाजूला ठेवलं.

पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. पालथ्या घड्यावर पाणी. दरम्यान हॅव्हर्ली पुन्हा निवडून आला. ओरिनचा गुडघा गेला. मला त्या दगडी पायऱ्यांचा, त्या बाकांचा, त्या पांचट कॉफीचा वीट आला. खरं सांगायचं तर मला न्यायाचाही वीट आला होता. मी जात राहिले, कारण थांबले असते तर ओरिनकडं बघता आलं नसतं.

शेवटी राऊशलाच समितीचं अध्यक्षपद मिळालं आणि घोडं हललं. त्यानं मला दालनाबाहेर गाठलं. दमलेला दिसत होता. म्हणाला, दोन्हीकडची माणसं तयार आहेत, फक्त एक छोटी अट आहे. पुढच्या बाजूला पक्षांच्या लढती राहतील आणि या बिनअक्षरी जागा वेगळ्या छापल्या जातील, मागच्या बाजूला.

"मागे का होईना, लोरीन, पण आलं ना?" तो म्हणाला.

आलं, मी म्हटलं. मला रडू येत होतं. डेलबर्ट गाडी गरम करून दारात उभा होता. त्यानं मला मिठी मारली आणि वाटेत कडेच्या ढाब्यावर चेरी-पाय खाऊ घातला, आत चेरी भरून भाजलेला तो गोड पदार्थ, वर आइस्क्रीम घालून. तेवढी एक संध्याकाळ मी सुखात होते.

निवडणुकीला ओरिन पुन्हा उभा राहिला. वाकलेला, काठी टेकत, पण बाप गेल्यानंतर पहिल्यांदाच बापाच्या अक्षराशिवाय. मतदानाच्या दिवशी मी कागद हातात घेतला तो उलटाच केला. मला पुढच्या बाजूशी देणंघेणंच नव्हतं. मागं वरतीच दोन नावं होती, ट्रेंट हॅव्हर्ली आणि ओरिन स्टकी, दोन्ही सारखीच उघडीबोडकी. मी त्याच्या नावापुढचा गोल इतका रगडून काळा केला, की कागद फाटतोय की काय असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोर्टहाउसमध्ये गेले. काउंटीची कारकून मॅक्सीन माझ्या वर्गातली. तिनं मला आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. ओरिन पडला होता. किती मतांनी, तर चर्चमधल्या एका बाकावर बसतील इतक्या माणसांनी.

"पण ते जाऊ दे," मॅक्सीन म्हणाली. "निम्म्याहून जास्त कागदांची मागची बाजू कोरी आलीय. कुणी उलटलाच नाही. हॅव्हर्लीनं आपल्या घरच्यांना आणि ऑफिसातल्यांना कागद उलटायला तेवढं सांगून ठेवलं होतं म्हणे."

मी खुर्चीवर बसले. वरचा एक गोल भरायचा, स्टिकर लावायचं, कामाला जायचं. बाप करत होता, आजा करत होता. कागदाच्या तळाशी 'मागे पाहा' असं छापलं होतं, मुंगीएवढ्या अक्षरांत. इतक्या हिवाळ्यांत हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं, आणि राऊशच्याही नाही. ज्यांनी ती अट घातली त्यांच्या आलं असेल.

संध्याकाळी ओरिन आमच्याकडं जेवायला आला. आधीच ठरलेलं होतं. जिंकला तरी यायचं, हरला तरी यायचं. मी मॅक्सीननं सांगितलं ते त्याला सांगितलं. तो ऐकून घेत होता आणि त्याचा चेहरा जरा हलका झाल्यासारखा मला वाटला. म्हणजे बघितलंच नाही, असं तो स्वतःशीच म्हणाला.

डेलबर्टला मात्र राग आवरेना. त्याचा ओरिनवर जीव आहे. तरुणपणी दोघांनी मिळून आमचं हे स्वयंपाकघर बांधलंय. तो पोर्क चॉपचा तुकडा काट्याला लावून हवेत हलवत म्हणाला, "दगड आहेत दगड. इतकी वर्षं ज्यानं यांच्या घरची मरणं निस्तरली, त्याला एक मत देता येत नाही? मी सगळ्यांच्या आधी जाऊन आलो. कागद घेतला, वरचा गोल भरला, तुझं काम केलं आणि कॉफी गार व्हायच्या आत ट्रकमध्ये होतो."

माझ्या हातातला डाव पातेल्यातच राहिला.

"डेलबर्ट," मी विचारलं, "आणि मागची बाजू?"

"कुठली मागची?"

डेलबर्टनं माझ्याकडं बघितलं, मग ओरिनकडं, मग पुन्हा माझ्याकडं. त्याला हळूहळू कळत गेलं आणि ते कळताना मला बघावं लागलं. तो सगळ्या साक्षींना आला होता. सगळ्या हिवाळ्यांत त्यानं बर्फातून गाडी काढली होती. काटा त्यानं ताटात ठेवला, अगदी आवाज न करता.

"ओरिन," तो म्हणाला.

"बटाटे दे जरा इकडं," ओरिन म्हणाला.

आम्ही जेवलो. डेलबर्टनं ताटातलं संपवलं नाही. ओरिननं मात्र दोनदा वाढून घेतलं, बळेच, ते मला दिसत होतं. मी चिडायला हवं होतं. चिडायलाही अंगात काहीतरी असावं लागतं, आणि माझ्यातलं ते कधीच संपलं होतं.

निघताना मी त्याला हात धरून पायऱ्या उतरवल्या. गाडीपाशी विचारलं, की तुला जे कळून घ्यायचं होतं ते कळलं का?

"कळलं," तो म्हणाला. काठी आत ठेवली, टोपी घातली. "इतके दिवस वाटायचं, बघितलं नाही म्हणून मत दिलं नाही, असं निघालं तर बरं. आता वाटतं, मी त्यांना नको होतो असं निघालं असतं तर बरं झालं असतं. नको म्हणायला तरी माणूस एकदा नीट बघावा लागतो."

मी आत आले तेव्हा डेलबर्ट भांड्यांपाशी होता. मी न सांगता. लग्न झाल्यापासून तो ताटं पुसतो ती फक्त वरून, आणि मी लग्न झाल्यापासून त्यावरून बोलते. आता तो एकेक ताट पुसून उलटं करत होता, मागची बाजूही पुसत होता, आणि ती कोरडी झाल्यावरही पुसतच होता. मी त्याच्या शेजारी उभी राहिले आणि धुतलेलं ताट त्याच्या हातात देत राहिले.