खारोड्यांचा डबा

ही गोष्ट १९६१ सालची. त्या जूनमध्ये हिल्डे आमच्या घरी अमरावतीला राहायला आली. दोन देशांतल्या कॉलेजच्या मुलांची वर्षभरासाठी अदलाबदल करायची एक योजना होती. अकोल्याचा शेषराव जर्मनीत तिच्या आईवडिलांकडे गेला आणि ती आमच्याकडे आली. मी तेव्हा सतरा वर्षांची, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, चार भावांत एकटी. तिला मराठी शिकवायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं.

अट एकच होती. दसऱ्यानंतर नागपूरहून योजनेच्या बाई येणार आणि तिच्याशी अर्धा तास मराठीत बोलणार. बोलता आलं तर ती वर्षभर राहणार, नाही तर मुंबईच्या इंग्रजी वसतिगृहात जाणार. हिल्डेला जायचं नव्हतं. मलाही तिला जाऊ द्यायचं नव्हतं.

मी शाळेची जुनी पुस्तकं काढली. ती सुरेख वाचायची, मोत्यासारखं लिहायची. पण जेवताना कोणी काही विचारलं की मान खाली. चुकून बोललीच तर आई म्हणायची, "अगं बाई, किती छान बोलतेस!" चुकलेलं वाक्यही छानच. बाबा तर लगेच इंग्रजीत शिरायचे. पाहुण्याची चूक काढायची नाही, ही आमच्या घरची रीत. तीन महिने आम्ही ती निष्ठेने पाळली.

माझ्या वर्गातली पंचफुला बडनेऱ्याहून रोज गाडीने यायची. तिचे वडील डोमाजी रेल्वेत रुळांच्या कामावर होते. एकदा कॉलेजातल्या मुलींच्या खोलीत तिने हिल्डेला दोन प्रश्न विचारले, उत्तराची वाट पाहिली आणि माझ्याकडे वळली.

"काय शिकवलं व तुनं हिले?"

"तिला सगळं समजतं. लाजते ती."

"लाजत नाही. तुमी तिले पावनी करून ठेवली. पावनीले कोनी हसत नाही. मंग थे शिकन कशी?"

मला राग आला; पण तोवर तिने आपला डबा उचलून कानाशी हलवला होता. भादव्यात घरोघर मांडलेल्या भुलाबाईची गाणी संपली की आम्ही मुली असाच खाऊ ओळखत असू. घरची बाई झाकलेला डबा वाजवायची आणि मुली विचारत सुटायच्या, गोड का तिखट, भाजलेलं का तळलेलं. बौद्ध झाल्यापासून पंचफुलाच्या घरी भुलाबाई मांडत नव्हते.

"भुलाबाई सोडली, वळखायचा खेळ थोडी सोडला?" ती म्हणाली. "ए हिल्डा, इचार. वळखलं त अर्धं तुयं. नाही त राय उपाशी."

हिल्डेने बराच विचार करून विचारलं, "ते म्हातारं आहे?"

पंचफुला हसून लोळली. "म्हातारं नाही व, शिळं! शिळं म्हन!"

हिल्डे त्या दिवशी उपाशी राहिली, पण हसली. आमच्या घरी ती अशी मोठ्याने कधी हसली नव्हती. पंधरा दिवसांत ती पंचफुलाशी भांडायला लागली.

नागपूरच्या माणिकबाई कोजागिरीच्या आदल्या दिवशी आल्या. बैठकीत सगळे जमले. पंचफुलाला मी मुद्दाम बोलावलं होतं. ती दाराजवळच्या स्टुलावर बसली.

"तुमच्या देशातल्या शिक्षणपद्धतीविषयी सांगा," बाई म्हणाल्या.

हिल्डेची मान खाली. आईने सावरलं, "तिला सगळं येतं हो." बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं.

तेवढ्यात दाराशी डबा वाजला. खडखड.

हिल्डेने मान वर केली. "भाजलेलं?"

"तळूनबी खातेत."

"बाजारात मिळतं?"

"नाही. मायनं केलं, उनाळ्यात."

"उन्हाळ्यात? मग शिळं आहे!"

"शिळं काहून? वाळवण हाय थे."

माणिकबाई मूळच्या मोर्शीच्या, आमच्याच जिल्ह्यातल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाजरीचं आहे का गं?"

हिल्डे ताडकन त्यांच्याकडे वळली. "बाई, तुमी सांगू नोका! माया डबा हाय!"

मग माणिकबाई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. "खारोड्या!" हिल्डे ओरडली; बाजरीच्या त्या वाळवलेल्या वड्या तिने पंचफुलाच्या डब्यातून आधी खाल्ल्या होत्या. पुढे तासभर तिच्या गावात वाळवणं का घालत नाहीत यावर दोघींचा वाद चालला. जाताना बाईंनी मघाचा कागद फाडला आणि नव्यावर सही केली.

डबा सगळ्यांपुढे फिरला. आईनेही एक खारोडी घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच खारोडी मला तुळशीपाशी मुंग्यांनी वेढलेली दिसली. हिल्डेला मी हे कधी सांगितलं नाही. पंचफुलाला सांगायची गरजच नव्हती.

माणिकबाई निवृत्तीनंतर मोर्शीला राहिल्या, तिथेच वारल्या. शेषराव शिकून परत आला आणि अकोल्याच्या कापडगिरणीत लागला; हिल्डेच्या आईला पत्रातून शेवटपर्यंत 'माय' म्हणायचा. आई एकोणऐंशी साली गेली. पुढे पुढे ती पंचफुलाला आमच्याच कपांतून चहा द्यायची, पण खारोड्यांचा विषय दोघींनी काढला नाही. पंचफुला अकोल्याला मराठीची प्राध्यापिका झाली. तीन वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हा मी तिच्या घरी तीन दिवस होते.

हिल्डे जर्मनीला परतल्यावर तिथल्या विद्यापीठात मराठी शिकवायची. दर दिवाळीला तिच्याकडून पत्र्याचा एक डबा यायचा. वर निळ्या शाईत एकच शब्द असायचा, वळख. मी हलवून पाहायची, आणि मगच उघडायची. गेल्या दिवाळीला आला नाही. पोस्टमनला मी अजून विचारते.