चढासाठी गॅस

वटारच्या नाक्यावर डेरिकचं गॅरेज. दुपारचे तीन वाजले असतील. ऑक्टोबरचं ऊन असं, की वाडीतली ओली मातीसुद्धा करपल्यागत वास मारत होती. डेरिक एका रिक्षाचं चाक खोलून बसला होता, तेवढ्यात फेबियनची पिकअप येताना त्यानं ऐकली. इंजिनात कोणी हातोडी घेऊन बसल्यागत ठोका पडत होता. चाळीस वर्षं ज्यानं इंजिनं ऐकली, त्याला हा ठोका कशाचा ते कोण सांगणार? पाना टाकून तो उठला आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

फेबियननं करकचून ब्रेक मारला. "मराचा हाय काय तुला?"

"उतर खाली. बायांनाबी उतरव."

मागे हौद्यात सात बाया होत्या. अळू, भेंडी, केळफुलं घेऊन ठाण्याच्या सांजेच्या बाजाराला निघालेल्या. त्यांच्यात डेरिकची बायको रोझलिनही होती. गोणपाटाखाली झाकलेल्या लाल सिलिंडरला पाठ टेकून ती बसली होती.

तो सिलिंडर डेरिकनंच बसवला होता. ठाण्याच्या वाटेवर गायमुखच्या चढावर भरलेली पिकअप धापा टाकायची. मागच्या गाड्या हॉर्न मारायच्या आणि फेबियनला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. डिझेलला गॅसची फुंकर दिली की गाडी उडते, असं त्यानं कुठं ऐकलं होतं. डेरिक आधी नाहीच म्हणाला. मग फेबियन बोलला, "तुला जमायचं नाय, तसं सांग की." तिथंच डेरिक फसला. घरचा सिलिंडर, रबरी नळी, इंजिनाच्या हवेच्या पाइपाला एक भोक आणि गॅस कमीजास्त करायला चावी. चावी एवढीच फिरवायची म्हणून त्यानं रंगाची खूणही केली. पहिल्या दिवशी पिकअप गायमुख हसतहसत चढली. गावात डेरिकचं नाव झालं, आणि खोटं कशाला बोला, ते त्याला गोडही लागलं.

आता त्यानं बॉनेट उघडलं, तर चावी खुणेच्या पार पुढं.

"किती फिरवलीस?"

"जराशी. वजन ज्यास्त होतं."

"भूक लागली म्हनून कोनी ताट चावतो काय? एवढा गॅस पिस्टन वितळवील. आनि ही नळी बघ." सायलेन्सरच्या बाजूनं गेलेली नळी भाजून काळी पडली होती.

"टेप मारतो तिला."

डेरिकनं पाना घेतला. सिलिंडर बंद करून त्यानं सगळं उपसून काढलं. त्यात तास गेला. पिकअप रखडत ठाण्याला पोचली तेव्हा गिऱ्हाईक पांगलं होतं.

रोझलिन घरी आली ती टोपली आपटतच. "साती जनी तुझ्या नावानं बोटं मोडतात. माझा अळू शेरडांना घातला."

डेरिकनं नळी तिच्यापुढं ठेवली. "तू पाठ टेकून बसायचीस, तिथनं ही हातभर लांब."

तिनं नळी वाकवली. काडीसारखी मोडली ती. रोझलिननं दोन्ही तुकडे त्याच्यापुढं ठेवले. मग म्हणाली, "तुला आधी कळत नव्हतं?"

"कळत होतं."

"मग मला काय सांगतोस? बायांना सांग."

रविवारची मिसाची प्रार्थना सुटल्यावर चर्चच्या पायरीवर डेरिकनं बायांना थांबवलं. "चूक माझी. धोका कळत होता, तरी बसवला. लोकं वाहवा करत होती ना." फेबियन लांबूनच बोलला, "एक डेरिक नाय, तर नालासोपाऱ्यात दहा हायत."

सोमवारी पिकअप नाक्यावर आली ती नवी नळी, नवी चावी घालूनच. "पक्कं काम हाय," फेबियन म्हणाला, "कच्चा हात नाय." बाया टोपल्या चढवू लागल्या. डेरिक गॅरेजच्या दारात उभा. पुन्हा आडवा तो गेला नाही. त्याचं आता ऐकणार कोण?

रोझलिननं टोपली वर ठेवली होती. तिनं गोणपाट उचलून खालचा सिलिंडर बघितला, टोपली खाली ओढली. "मी बसनी जाते."

"बसवाला घेईल तुझ्या टोपल्या?" फेबियन हसला.

"नाय घेतल्या तर इथंच विकीन."

मग फेबियनची बायको व्हेरोनिका हौद्यातून उतरली. तिनं नवऱ्याकडं बघितलंही नाही. तिच्यामागं आणखी एक. बाकी चौघी मान खाली घालून बसून राहिल्या, आणि पिकअप धुरळा उडवत निघून गेली.

डेरिक वळणाकडं बघत राहिला.

"उभा काय ऱ्हातोस?" रोझलिन म्हणाली. "त्या चौघींना उद्या परत सांग. परवाबी सांग. आता ही टोपली धर, बस चुकल."